खोबणीतली शर्यत, खिशातलं घड्याळ

स्लॉट कार या खेळण्यातल्या गाडीला स्टिअरिंग नसतं. गाडीच्या नाकाखाली एक छोटी पट्टी असते, ती ट्रॅकमधल्या खोबणीत बसते आणि कुठे वळायचं ते खोबणच ठरवते. गिअर नाही, ब्रेकचं पेडल नाही. चालवणाऱ्याच्या मुठीत एक कंट्रोलर आणि त्याच्या तर्जनीखाली एक चाप, एवढंच. चाप दाबला की खोबणीच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून वीज गाडीत शिरते आणि मोटर फिरू लागते. चाप पूर्ण सोडला की चांगल्या कंट्रोलरमध्ये मोटरची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, फिरती मोटर क्षणभर जनित्र बनते आणि गाडीला ब्रेक लागतो. वळणावर अंमळ जास्त दाबला गेला, तर गाडी खोबणीतून सुटून थेट जमिनीवर. किती दाबायचं आणि नेमकं कधी सोडायचं, सगळं कौशल्य या एका बोटात.

खऱ्या मोटार शर्यतीत कौशल्य डोळ्यांना दिसतं. कोणी वळण आतून घेतलं, कोणी उशिरा ब्रेक लावला, कोणी फट शोधली, हे प्रेक्षकाला कळतं. इथे एका खोबणीतून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा मार्ग एकच. दोन चांगल्या खेळाडूंमधला फरक नजरेला जवळजवळ सापडत नाही. तो वेळेतच सापडतो. त्यामुळे घड्याळ नसलेल्या ट्रॅकवर कोण पुढे आहे एवढं कळतं, पण आपण कालच्यापेक्षा बरे चालवतो की नाही, हे कळायला मार्ग नसतो. वेळ मोजण्याची खटपट या खेळाइतकीच जुनी आहे. गेल्या काही वर्षांत हे काम फोनकडे आलं आहे. फोनने ते किती चांगलं केलं आणि त्याच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण ते समजलं की शर्यतही वेगळी दिसू लागते.

जेवणाच्या टेबलावरून क्लबच्या हॉलमध्ये

विजेवर धावणाऱ्या खेळण्यातल्या शर्यतीच्या गाड्या अमेरिकेच्या लायोनेल कंपनीने १९१२ मध्येच विकायला काढल्या होत्या. पण हा खेळ घराघरांत नेला तो ब्रिटनने. फ्रेड फ्रान्सिस हे मिनिमॉडेल्स या कंपनीचे मालक. त्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या ‘स्केलेक्स’ गाड्या सुरुवातीला उत्तम खपल्या, मग मागणी ओसरली. फ्रान्सिस यांनी त्याच गाड्यांत विजेची मोटर बसवली आणि खोबण असलेला रबरी ट्रॅक तयार केला. जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ लोकांपुढे आलं. मागणी इतकी आली की छोट्या कंपनीला ती पेलेना. पुढच्याच वर्षी फ्रान्सिस यांनी कंपनी लाइन्स ब्रदर्स या बड्या खेळणी उद्योगाला विकली. आज हे नाव हॉर्नबीकडे आहे. जर्मनीत १९६३ पासून ‘करेरा’ने आपलं साम्राज्य उभं केलं. अमेरिकेत साठच्या दशकात तासावर पैसे भरून खेळायचे मोठमोठे आठपदरी ट्रॅक शहरोशहरी निघाले. एल्व्हिस प्रेस्लीने ग्रेसलँडमध्ये आपल्या स्लॉट कार ट्रॅकसाठी वेगळी खोली बांधून घेतली होती. दशक संपता संपता ती लाट ओसरली. मागे मुख्यतः दोन ठिकाणं उरली: घर आणि क्लब.

क्लबचा ट्रॅक बहुधा लाकडी असतो. मोठ्या फळ्यांत यंत्राने खोबणी कोरतात आणि त्यांच्या कडांना तांब्याची पट्टी चिकटवतात. चार, सहा किंवा आठ लेन, प्रत्येकीला एक रंग. ठरावीक मिनिटं एका लेनमध्ये धावायचं, मग लेन बदलायची, असं करत प्रत्येकाने सगळ्या लेन चालवायच्या. ज्याची पाळी नसेल तो वळणावर मार्शल म्हणून उभा राहतो आणि सुटलेल्या गाड्या उचलून पुन्हा खोबणीत ठेवतो. वेळ संपली की वीज तोडली जाते आणि गाडी जिथे थांबेल तिथपर्यंतचा फेरीचा तुकडाही हिशेबात धरतात. सगळ्या लेनमधल्या फेऱ्यांची बेरीज ज्याची जास्त, तो जिंकला.

लेन बदलण्यामागे साधी भूमिती आहे. स्केलेक्स्ट्रिकच्या ट्रॅकवर दोन खोबणींत साधारण ७८ मिलिमीटरचं अंतर असतं. साधा लंबगोल ट्रॅक जोडला, तर बाहेरची लेन आतल्या लेनपेक्षा ‘दोन पाय गुणिले ७८ मिलिमीटर’, म्हणजे जवळपास ४९ सेंटीमीटर लांब भरते. ट्रॅक लहान असो वा मोठा, हा फरक तेवढाच राहतो. सेकंदाला ३ मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला या जादा अंतरासाठी सेकंदाच्या सहाव्या हिश्श्याच्या आसपास वेळ लागतो. उलट बाहेरच्या लेनचं वळण मोकळं असल्याने तिथे वेगही जास्त घेता येतो. म्हणून एका लेनची वेळ दुसऱ्या लेनच्या वेळेशी थेट ताडू नये. आठाच्या आकड्याचा ट्रॅक केला, की गाडी एका वळशात आत आणि दुसऱ्यात बाहेर जाते आणि फरक बराचसा मिटतो. घरी दोन भावंडांचं भांडण मिटवायचं असेल, तर हा आकार सगळ्यात बरा.

फेरी मोजायची कशी

सुरुवातीला कागद-पेन्सिल होती. मग ट्रॅकच्या तुकड्यात बसवलेली यांत्रिक मोजणी आली: गाडी जाताना एका पात्याला ढकलते, आकडा एकाने पुढे सरकतो. त्याने फेऱ्या मोजल्या जात, वेळ नाही. क्लबांनी पुढे ‘डेड स्ट्रिप’ वापरली. ट्रॅकवरच्या पट्टीचा छोटा तुकडा मुख्य विजेपासून तोडायचा आणि मोजणीच्या यंत्राला जोडायचा. गाडीखालची तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी त्यावरून सरकली की मंडल पूर्ण होतं आणि खूण मिळते. त्यानंतर प्रकाशाचे सेन्सर आले. खोबणीच्या तळाशी प्रकाश ओळखणारा छोटा घटक, वर पुलावर दिवा. गाडी मधून गेली की क्षणभर अंधार. ही खूण तारेने संगणकाकडे जायची, बहुधा प्रिंटरसाठी असलेल्या जुन्या रुंद पोर्टमधून. त्यासाठीची बरीच मोजणीची सॉफ्टवेअर हौशी लोकांनीच लिहिली, अनेकदा फुकट वाटली आणि वर्षानुवर्षं सांभाळली.

पण एवढं सगळं घरच्या ट्रॅकसाठी कोण करणार? सोल्डरिंग, वायरिंग, जुना संगणक, कोपऱ्यात कायमचं मांडलेलं टेबल. जो मुलगा रविवारी सकाळी जमिनीवर ट्रॅक जोडतो आणि संध्याकाळी खोक्यात भरून ठेवतो, त्याच्या वाट्याला हे घड्याळ कधी आलंच नाही. फोनने नेमकं ते त्याला दिलं, आणि मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

फोनच्या दोन वाटा

पहिली वाट कंपन्यांची. स्केलेक्स्ट्रिकच्या ‘आर्क’ मालिकेत ट्रॅकच्या वीज देणाऱ्या तुकड्यातच सेन्सर असतात आणि तो तुकडा ब्लूटूथवरून फोनशी बोलतो. करेराच्या डिजिटल ट्रॅकलाही ‘ॲपकनेक्ट’ नावाचा जोड लावता येतो. इथे गाडी ओळखण्याचं काम ट्रॅक करतो. फोन हिशेब ठेवतो, पडद्यावर क्रम दाखवतो आणि हवं असेल तर खेळात नाट्य आणतो. इंधन संपत येतं, टायर झिजतात, पाऊस येतो, पिटमध्ये थांबावं लागतं. डिजिटल ट्रॅकवर ही वाट जवळपास अनिवार्य आहे. तिथे एका लेनमध्ये अनेक गाड्या धावतात आणि धावता धावता लेन बदलतात, त्यामुळे ‘डावीकडची गाडी कोणाची’ या प्रश्नाला अर्थच उरत नाही. प्रत्येक गाडीच्या पोटाखाली इन्फ्रारेड दिवा असतो, तो आपापल्या खुणेने लुकलुकतो आणि ट्रॅकमधला सेन्सर ती खूण वाचतो.

दुसरी वाट फक्त कॅमेऱ्याची आणि जुन्या, साध्या दुपदरी ट्रॅकवाल्यांसाठी ती खरी मोलाची. ट्रॅकवर एक छोटा पूल उभारायचा; पुठ्ठ्याचा, लाकडाचा, लेगोचा, कशाचाही चालतो. त्यावर फोन असा ठेवायचा की मागचा कॅमेरा खाली बघेल आणि पडदा वर आपल्याकडे राहील. ॲपमध्ये प्रत्येक लेनवर एक चौकट आखायची. चौकटीतलं चित्र बदललं की ॲप समजतं, गाडी गेली. बाजूने फोन धरला तर जवळची गाडी लांबच्या गाडीला झाकते, म्हणून वरूनच बघायला हवं.

चौकट कुठे असावी, यातही विचार आहे. जिथे गाड्या हमखास सुटतात त्या वळणाच्या तोंडाशी ती नको. घसरत आलेली गाडी आणि ती उचलायला आलेला हात, दोन्ही फेरी म्हणून मोजले जातील. सरळ भागात, सुरुवातीपासून थोडं पुढे, जिथे कोणी वाकत नाही अशी जागा बरी. शिवाय किमान फेरीची वेळ ॲपमध्ये भरून ठेवावी. फेरी पाच सेकंदांची असेल आणि तीन सेकंदांच्या आत पुन्हा खूण मिळाली, तर ती सावली किंवा हात समजून सोडून द्यायची. मोजणी चुकणं हे वेळेतल्या बारीक चुकीपेक्षा कितीतरी वाईट. एक फेरी निसटली, तर पाच सेकंदांच्या दोन फेऱ्यांची दहाची एक फेरी होते आणि पूर्ण तक्ता बिघडतो.

दोन चित्रांच्या मधली जागा

आता मुख्य प्रश्न. पडद्यावर आकडा येतो: ५.०३७. शेवटचा सात खरा किती?

२५ ऑक्टोबर १९९७ रोजी स्पेनच्या हेरेझ ट्रॅकवर फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत जॅक व्हिलनव्ह, मायकेल शूमाकर आणि हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंट्झन, तिघांचीही वेळ एकच निघाली: १ मिनिट २१.०७२ सेकंद. ज्याने ती आधी नोंदवली तो पुढे, या नियमाने व्हिलनव्हला पहिली जागा मिळाली. त्या वेगात सेकंदाच्या हजाराव्या भागात गाडी जेमतेम साडेपाच सेंटीमीटर जाते. तिघांमध्ये फरक नक्कीच असणार. तो त्या घड्याळाच्या सर्वांत बारीक रेघेपेक्षाही बारीक होता. प्रत्येक घड्याळाला अशी एक रेघ असते. आपल्या घड्याळाची रेघ कुठे आहे ते माहीत हवं.

फोनमधलं घड्याळ स्फटिकावर चालतं आणि मिनिटा-दोन मिनिटांच्या कामासाठी ते हवं तेवढं अचूक आहे. अडचण त्याच्या डोळ्यांत आहे. कॅमेरा सेकंदाला साधारण ३० चित्रं घेतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. त्या अंतरात काय झालं, ते फोनला दिसतच नाही. १:३२ प्रमाणाची गाडी साधारण १४ सेंटीमीटर लांब. सेकंदाला ३ मीटर वेगाने ती दोन चित्रांमध्ये १० सेंटीमीटर जाते. म्हणजे एखाद्या चित्रात ती सापडेलच. क्लबच्या लांब सरळ भागात हाच वेग ६ मीटर झाला, तर दोन चित्रांमध्ये गाडी २० सेंटीमीटर पुढे जाईल आणि अरुंद चौकटीतून न दिसता निघूनही जाईल. चौकट मंद भागात ठेवली तर गाडी निसटणार नाही. वेळेची रेघ मात्र ३३ मिलिसेकंदांवरच राहील. सेकंदाला ६० चित्रं घेणारा फोन ती १७ मिलिसेकंदांवर आणतो, २४० चित्रांचा सुमारे ४ वर. काही ॲप दोन चित्रांतल्या गाडीच्या जागेवरून मधला क्षण अंदाजतात, तेही उपयोगी पडतं.

प्रकाशाचाही यात मोठा वाटा आहे. उजेड कमी झाला की कॅमेरा प्रत्येक चित्राला जास्त वेळ देतो आणि काही फोनवर चित्रांची संख्या गुपचूप घटते. इंग्लंडमध्ये काय आणि आपल्याकडे काय, वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. ते आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. चित्रांचा वेग वाढवला की प्रत्येक चित्राला मिळणारा प्रकाश आणखी कमी-जास्त होतो आणि ॲपला रिकाम्या ट्रॅकवरही ‘काहीतरी हललं’ असं वाटू लागतं. उपाय सोपे आहेत: खिडकीचा उजेड किंवा बॅटरीवर चालणारा दिवा, कॅमेऱ्याचा फोकस आणि एक्स्पोजर एका जागी पक्के करणं, आणि मध्येच कॉल येऊ नये म्हणून फोन एअरप्लेन मोडवर टाकणं. मोजणी खरी वाटत नसेल, तर दुसऱ्या फोनवर स्लो मोशन चित्रण करून ताडून बघावं. २४० चित्रांच्या वेगात पाच सेकंदांची फेरी म्हणजे १२०० चित्रं. ती मोजली की ॲप किती चुकतं ते कळतं.

तर मग ५.०३७ मधला सात खोटा आहे. तीनवरही फार विसंबू नये. साध्या ३० चित्रांच्या कॅमेऱ्यावर ५.०० आणि ५.०२ या दोन फेऱ्यांत फरक आहे, असं म्हणताच येत नाही.

लंबकाचा धडा

इथे कोणी निराश होऊन फोन बाजूला ठेवील. त्याने विज्ञान शाखेची प्रयोगशाळा आठवावी. साध्या लंबकाच्या प्रयोगात एका दोलनाचा वेळ कोणी मोजत नाही. वीस दोलनांचा वेळ घ्यायचा आणि विसाने भागायचं, कारण बोटाने घड्याळ सुरू-बंद करताना होणारी चूक विसांमध्ये वाटली जाते. कॅमेऱ्याच्या घड्याळालाही हेच लागू आहे. पहिली फेरी २० मिलिसेकंदांनी लांब मोजली गेली, तर तेवढीच दुसऱ्या फेरीतून कापली जाते. एका फेरीची चूक शेजारच्या फेरीच्या खात्यात उलट्या चिन्हाने पडते. सलग २० फेऱ्यांच्या एकूण वेळेत चूक उरते ती फक्त सुरुवातीची आणि शेवटची, दोन्ही मिळून एका चित्राच्या अंतराहून कमी. ३३ मिलिसेकंदांना विसाने भागा: सरासरी फेरीतली चूक दोन मिलिसेकंदांच्या आत. म्हणजे फेरी एकही निसटली नसेल, तर पुठ्ठ्याच्या पुलावर ठेवलेला जुना फोन सरासरीच्या बाबतीत भल्याभल्या यंत्रांच्या पंगतीला बसतो.

आणि या खेळात कामाची असते ती सरासरीच. समजा, एकीने दहा फेऱ्या प्रत्येकी ५.१ सेकंदांत काढल्या: एकूण ५१. तिच्या भावाने नऊ फेऱ्या ४.८ सेकंदांत काढल्या, पण एकदा गाडी सुटली आणि त्या फेरीला ९ सेकंद लागले: एकूण ५२.२. सर्वांत वेगवान फेरी भावाची, शर्यत बहिणीची. ॲपच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘सर्वोत्तम फेरी’ झळकते आणि मुलं तिच्याच मागे लागतात. घरातल्या मोठ्यांनी त्यांना खालची ओळ दाखवावी: सरासरी, आणि फेऱ्या एकमेकींपासून किती लांब विखुरल्या आहेत ते. ५.१ सेकंदांच्या फेऱ्या ओळीने काढणारं बोट हे अभ्यासाने घडलेलं बोट असतं.

गाडी दुरुस्त करतानाही हीच शिस्त लागते. मागच्या टायरवरची धूळ चिकटपट्टीने काढली, खालची विणलेली पट्टी विंचरून सरळ केली, गाडीखालचं चुंबक काढलं किंवा हलवलं, तर एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याच लेनमध्ये २० फेऱ्या मारायच्या. चुंबक घरच्या ट्रॅकच्या स्टीलच्या पट्ट्यांना गाडी धरून ठेवतं, म्हणून वळणावर वेग वाढतो. पण पकड सुटली की कसलीही सूचना न देता सुटते. चुंबक काढलेली गाडी आधी शेपूट हलवते, बोटाला सांगते, मग सुटते. अनेक क्लबही चुंबकाविनाच धावतात. कोणती गाडी ‘वेगवान वाटते’ आणि कोणती खरोखर वेगवान आहे, यातलं अंतर फोनचा तक्ता स्पष्ट दाखवतो. जोरात आवाज करत मागून झुलणारी गाडी झपाट्याने जाते असं वाटतं, तर पुष्कळदा शांतपणे वळणाऱ्या गाडीची सरासरी कमी निघते.

फोनचं आयुष्य, घड्याळाचं आयुष्य

फोनच्या वाटेत एक खरी अडचण आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये ॲपलने आयओएस ११ आणलं आणि ३२ बिटची जुनी ॲप त्यावर चालेनाशी झाली. एकट्या माणसाने हौसेने लिहिलेल्या, पुढे न सुधारलेल्या ॲपना असा फटका पहिल्यांदा बसतो. क्लबातला जुना संगणक मात्र कुठलंही अपडेट न घेता वर्षानुवर्षं तेच काम करत राहतो. ज्यांना ही मोजणी जपायची आहे त्यांनी एक जुना फोन त्यासाठीच वेगळा काढावा, त्यावर चालणारं ॲप ठेवावं आणि त्याला अपडेट देऊ नये. वेळांचा तक्ता फोनमध्येच न ठेवता वहीत उतरवावा किंवा फाइल बाहेर काढून ठेवावी. खेळण्याचं घड्याळ म्हणून जो फोन वापरायचा, तो रोजच्या कामाचा फोन नसलेला बरा. तापत नाही, वाजत नाही आणि मुलांना त्यावर दुसरं काही उघडायची ओढ लागत नाही.

कंपन्यांच्या ॲपमधलं इंधन आणि पाऊस मलाही आवडतो. त्याने खेळात गोष्ट येते, लहान मुलं टिकतात. पण इंधन संपल्याने हरलेल्या मुलाला आपलं बोट कुठे चुकलं ते कळत नाही. तक्ता बघून हरलेल्याला कळतं. म्हणून आठवड्यातला एक खेळ तरी साधा असावा: ना इंधन, ना पाऊस, फक्त लेन आणि वेळ.

क्लबांनी कित्येक दशकं शर्यतीचा निकाल एकाच पद्धतीने लावला आहे: ठरावीक वेळ, सगळ्या लेन, फेऱ्यांची बेरीज. त्यांच्याकडे मिलिसेकंद मोजणारी साधनं आल्यावरही त्यांनी सर्वांत वेगवान एका फेरीला विजय दिला नाही. बेरीज म्हणजेच सरासरी, आणि पुठ्ठ्याच्या पुलावरच्या फोनला सर्वांत खरी मोजता येते तीही सरासरीच. म्हणून घरी ट्रॅक जोडणाऱ्याने फोनकडून हजारावा भाग मागू नये. त्याने वीस फेऱ्या सलग, न सुटता काढाव्यात, बेरीज विसाने भागावी आणि पुढच्या रविवारी तो आकडा खाली आणावा. क्लबच्या हॉलमध्ये जिंकायला लागतं ते नेमकं हेच, आणि ते आता घरच्या जमिनीवर, एकट्यालाही शिकता येतं.